नेटके प्रश्न : दहा नियमांचा तक्ता आधी भिंतीवरून काढा

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय, मुलं आणि इंटरनेट. पाच पत्रं निवडली, लांबलचक होती ती थोडी कापली. नावं सगळ्यांची काढून टाकलीयेत, प्रायव्हसीवर गप्पा मारायच्या आणि खाली पत्र पाठवणाऱ्याचं नाव-गाव छापायचं म्हणजे अतीच झालं असतं.

प्रश्न : ताई, मी सातवीची वर्गशिक्षिका. इंटरनेट सेफ्टीवर दोन तास घ्यायला सांगितलेत. दहा नियमांचा मस्त रंगीत तक्ता केला, पण पहिल्याच नियमाला पोरं म्हणाली ‘हे माहितीये मॅडम’ आणि जांभया सुरू. काय करू?

उत्तर : तक्ता काढा. चिडू नका, मेहनत गेली हे कळतंय, पण मुलं खोटं बोलत नाहीयेत, त्यांना ते खरंच माहितीये. ‘अनोळखी माणसाला पत्ता सांगू नये’ हे त्यांनी शंभरदा ऐकलंय आणि पत्ता कुणी सांगतही नाही. गोची अशी की सांगावा लागतच नाही, तो तुकड्यातुकड्याने आपला आपणच बाहेर पडत असतो, आणि एकेका तुकड्याकडे बघितलं तर त्यात लपवण्यासारखं काहीच दिसत नाही.

मी कॉम्प्युटर शिकवायचे तेव्हा एक खेळ करायचे तो सांगते. एक खोटी मुलगी तयार करायची, आपण तिला चिंगी म्हणू, आणि तिच्या आठ पोस्ट आठ चिठ्ठ्यांवर लिहायच्या. नव्या सायकलचा फोटो, मागे गेटवरचा नंबर अर्धा दिसतोय. ‘उद्या १२ पूर्ण, गिफ्ट आणा रे!!’ गळ्यात आयकार्ड घातलेला सेल्फी. ‘सोमवारपासून क्लास सहाला सुटणार, वैताग.’ ‘आईची नाइट शिफ्ट, आज मी आणि टीव्ही.’ अशा. मग गट पाडायचे आणि विचारायचं, ही राहते कुठे, जन्मतारीख काय, घरी एकटी कधी असते. पहिली पाच मिनिटं नुसता खिदळाखिदळीचा तास असतो. मग एकेक गट गप्प व्हायला लागतो. एकदा एक मुलगी चिठ्ठ्या परत परत चाळत म्हणाली, ‘पण मॅडम, हिने काहीच सांगितलं नाहीये ना.’ मी पुढे काही बोललेच नाही त्या दिवशी, गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या तासाला एक खरी गोष्ट सांगा, मुलांना डिटेक्टिव्ह स्टोरी आवडते. १९९० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधकांना दिल्या, नावं-पत्ते पुसून (जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि पिनकोड मात्र तसेच होते), त्यामुळे सगळं सेफ आहे असं सगळे धरून चालले. लतान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने २० डॉलर देऊन मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेली माणसं ते राहायचे त्या केंब्रिज शहरात सहा, त्यातले पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमधला एकच. झालं, गव्हर्नरसाहेबांचं आजारपण समोर. पुढे २००० मध्ये स्वीनी यांनीच हिशोब मांडून दाखवला की जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि पिनकोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात. हे ऐकल्यावर ‘नुसती बर्थडेट तर आहे’ असं म्हणणारी पोरं थोडी कमी होतात.

फोटोचंही सांगा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते फोटोच्या फाइलमध्येच जाऊन बसतं, डोळ्यांना दिसत नाही. सोशल मीडियावर टाकताना बरेच ॲप ती माहिती काढून टाकतात, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा मेलने पाठवला की सगळं जसंच्या तसं पोचतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, वर्गातच करून घ्या.

एक मात्र करू नका, वर्गातल्या खऱ्या मुलाचं प्रोफाइल प्रोजेक्टरवर उघडू नका. एका शिक्षकांना करताना बघितलंय, हेतू चांगला होता, पण तो मुलगा नंतर आठवडाभर मान खाली घालून बसायचा आणि बाकीच्यांनी धडा काय घेतला तर अकाउंटला खोटं नाव द्यायचं म्हणजे सरांना सापडत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने गेमचा पासवर्ड मित्राला दिला. ओरडले तर म्हणतो, तो काय चोर आहे का? त्यात शाळेच्या पोर्टलवर दर महिन्याला पासवर्ड बदलावा लागतो, तो म्हणून शेवटचा आकडा वाढवत नेतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : मुलगा हुशार आहे तुमचा, दोन्ही बाबतीत त्याचा मुद्दा आहे.

आधी पोर्टल. सारखा पासवर्ड बदलायला लावलं की माणसं आकडाच वाढवतात, मोठीही तेच करतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय आला तर बदला. शाळेला तसं कळवून बघा, ऐकतील याची गॅरंटी मी देत नाही. त्यापेक्षा लांबी महत्त्वाची. ए च्या जागी ॲट आणि ओ च्या जागी शून्य असल्या युक्त्या चोरांच्या प्रोग्रॅमला पाठ झाल्यात. १९९५ पासून एक फाशांची पद्धत आहे, डाइसवेअर म्हणतात, फासा पाच वेळा टाकायचा आणि जो पाच आकडी नंबर येईल त्या नंबरचा शब्द यादीतून उचलायचा. यादीत ७७७६ शब्द, म्हणजे चार शब्द जोडले की ३६ कोटी कोटींहून जास्त जोड्या होतात. मुलांना फासे टाकायला भारी आवडतं. यादी नसेल तर एखादं जाडजूड पुस्तक घ्या, डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, चार वेळा. यादीइतकं पक्कं नाही पण मुलाच्या नावापुढे १२३ लावण्यापेक्षा शंभरपट बरं. शब्द मराठीच, फक्त रोमन अक्षरांत.

आता मित्र. तो चोर नाहीच, पण त्याच्या फोनवर त्याचा भाऊ बसतो, आणि शाळेतली मैत्री परीक्षेपर्यंत टिकेल असं कोण लिहून देणार? पण खरा धोका वेगळाच आहे, त्याला हळूच विचारा, ‘हाच पासवर्ड अजून कुठे लावलायस?’ चेहरा बघा मग. एकच पासवर्ड सगळीकडे असतो आणि एक साइट फुटली की चोर तोच घेऊन बाकीच्या दारांवर फिरतात. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांवर पासवर्ड चोरीला गेले, कंपनीने ते कुलूप न लावता साध्या अक्षरांत साठवले होते, आणि त्यात सगळ्यात लाडका पासवर्ड होता १२३४५६, जवळपास २ लाख ९० हजार लोकांचा. म्हणजे पासवर्ड कितीही जपला तरी समोरची कंपनीच गचाळ निघू शकते. म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा, लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप, आणि लहान मुलाने घरातल्या वहीत लिहून ठेवले तरी माझी हरकत नाही, नेटवरचा चोर काही कपाट उघडायला येत नाही. ई-मेलचा पासवर्ड मात्र सगळ्यात भक्कम हवा आणि त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरा कोडही मागतात ते) लावाच, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ ची प्रत्येक लिंक तिथेच येते. ई-मेल गेला की सगळंच गेलं.

आणि हो, मित्राच्या नंबरवरून ‘चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड आलाय, पाठव ना पटकन’ असा मेसेज आला तर तो मित्र नसतो, मित्राचं अकाउंट आधीच गेलेलं असतं आणि आता नंबर तुमच्या मुलाचा. त्याला म्हणावं, मित्राला फोन लाव, मेसेज नको.

प्रश्न : मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांचे फोटो आणि मार्कांची यादी टाकतो, पालकांच्या सोयीसाठीच. एका पालकांनी हरकत घेतली. मी त्यांच्या मुलीचा फोटो काढून टाकला, पण मनात राहिलं. माझं चुकलं का?

उत्तर : हो सर, चुकलं. पण तुमच्या आधी माझं चुकलंय ते ऐका, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. सहलीसाठी मी एक गूगल शीट बनवली होती, ४२ मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे नंबर, कुणाला कसली ॲलर्जी, आणि घाईघाईत ‘लिंक असणारा कुणीही’ असं सेटिंग ठेवून लिंक ग्रुपवर टाकली. सहल होऊन गेली. आठ महिन्यांनी दुसरंच काही शोधताना ती शीट समोर आली आणि वरच्या कोपऱ्यात तीन अनोळखी लोक ती उघडून बसलेले दिसले, ते रंगीत प्राण्यांचे गोल असतात ना, ते. कोण होते ते आजतागायत कळलं नाही. त्या दिवसापासून मी कुठलाही फॉर्म करताना आधी विचारते की हा रकाना मला खरंच लागणार आहे का, आणि काम संपलं की फाइल उडवते. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटत नाही, एवढं सोपं आहे ते.

मार्क ज्याचे त्याला द्या. फोटो टाकायचे तर आधी विचारा, पालकांना तर विचाराच पण मुलांनाही, सातवी-आठवीतल्या मुलांची स्वतःची मतं असतात आणि आपण त्यांना न विचारता फोटो टाकत असू तर मग ‘कुणाचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नये’ हे कुठल्या तोंडाने शिकवणार? फोटोखाली नावं नकोत. हरकत घेणाऱ्या त्या पालकांना एक फोन करा, भांडायला नाही, थँक्यू म्हणायला.

ग्रुपवर अजून एक विषय काढा, वयाचा. बरेच ॲप १३ वर्षांची अट घालतात, ती अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपा कायद्यातून आलीये, १३ पेक्षा लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही म्हणून. मुलं काय करतात, जन्मसाल मागे ढकलतात, कधीकधी आईच टाइप करून देते. पण दहा वर्षांच्या मुलाने १३ सांगितलं तर तो १५ चा झाला की ॲपच्या लेखी १८ चा, आणि मग अल्पवयीन मुलांसाठी म्हणून जी काही बंधनं ॲप लावत असतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडवणं वगैरे, ती आपोआप उठतात. ही गोष्ट पालकांच्या डोक्यात आलेली मी फार कमी बघितलीये.

प्रश्न : इनकॉग्निटोमध्ये काही बघितलं तर कुणालाच कळत नाही ना? आणि पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असलं की साइट खरी असते ना? (इयत्ता आठवी)

उत्तर : नाही, आणि नाही. इनकॉग्निटो फक्त तुझ्या त्या फोनमध्ये हिस्टरी ठेवत नाही. साइटला तू दिसतोस, आणि शाळेचं वायफाय वापरत असशील तर तू कुठल्या साइटवर गेलास ते वायफाय चालवणाऱ्यालाही दिसू शकतं. कुलूप म्हणजे तुझ्यात आणि साइटमध्ये जे बोलणं चाललंय ते मधल्या कुणाला वाचता येत नाही इतकंच, समोर बसलाय तो चोर नाही असं ते सांगत नाही. लोकांचा हाच घोटाळा होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं. खरी-खोटी बघायची तर पत्ता वाच, सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचे शब्द, उजवीकडून. ‘माझीशाळा डॉट लॉगिन-चेक डॉट कॉम’ ही तुझ्या शाळेची साइट नाही, ती लॉगिन-चेक नावाच्या कुणाची तरी आहे, पुढे शाळेचं नाव चिकटवायला कुणाचं काय जातंय.

प्रश्न : मी नववीत आहे. ऑनलाइन ओळख झालेल्या एकाला मी माझा एक खासगी फोटो पाठवला. तो म्हणाला होता तोपण आमच्याच वयाचा आहे. आता तो म्हणतोय अजून पाठव नाहीतर सगळ्यांना दाखवीन. घरी सांगितलं तर फोन काढून घेतील. प्लीज नाव छापू नका.

उत्तर : नाव नाही छापलं. तू लिहिलंस हे खूप चांगलं केलंस, आणि आधी हे ऐक, यात गुन्हा तो करतोय, तू नाही.

आता पुढचं. त्याला अजून काहीही पाठवू नकोस, फोटो नाही, पैसे नाहीत, विनवण्याही नाहीत. एकदा दिलं की तो थांबेल असं वाटतं, पण दिलं की त्याला कळतं की तू देतेस. चॅट डिलीट करू नकोस, कितीही नकोसं वाटलं तरी, त्याच्या धमक्यांचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढ, मग ॲपमध्ये रिपोर्ट कर आणि ब्लॉक कर. ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था चालवते, १८ च्या आतल्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी, जगात कुठूनही वापरता येते. त्यात तुझा फोटो कुठेही जात नाही, तुझ्याच फोनवर त्या फोटोचा एक डिजिटल ठसा बनतो, नुसता आकड्या-अक्षरांचा, आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकतात. एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या चॅटमध्ये तो पोचत नाही, पण जे होतंय तेवढं तरी करून घे.

आणि हे एकटीने करू नकोस. आई, मावशी, मोठी बहीण, शाळेतली एखादी बाई, जी आधी ओरडणार नाही असं वाटतं तिला आजच सांग, पोलिसांपर्यंत जायला तीच सोबत लागेल. तोंडाने सांगणं जड जात असेल तर हे पान उघडून नुसतं हातात दे.

ज्यांच्या हातात हे पान आलंय त्यांच्यासाठी : फोन हिसकावू नका, पुरावा त्यात आहे. तो फोटो बघायला मागू नका, कुणाला फॉरवर्ड तर अजिबात करू नका. ‘पाठवलास कशाला’ हा प्रश्न आज विचारू नका. शेजारी बसा आणि स्क्रीनशॉट काढायला मदत करा.