वाचकांचे प्रश्न: दुरुस्तीला वर्गणी काढायची का?

प्रश्न: गावाचा रस्ता नवीन करायला निधी मिळतो, पण खड्डे पडले की दुरुस्तीला पैसा नाही म्हणतात. आता गावात घरटी वर्गणी काढायचं घाटतंय. हे बरोबर आहे का?

उत्तर: वर्गणीतून चार खड्डे बुजतील हो, पण रस्ता नाही टिकायचा. आणि हे अन्यायाचंही आहे असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडने हा प्रयोग करून बघितलाय, १५५५ च्या कायद्याने गावकऱ्यांना वर्षाला ४ दिवस रस्त्यावर फुकट राबायला लावलं, नंतर त्याचे ६ दिवस केले, तरी मुख्य वाटा खराबच राहिल्या कारण त्यावरून लांब जाणारी माल वाहतूक त्या गावांची नव्हतीच. शेवटी अशा वाटांवर टोल बसवावा लागला.

मुळात रस्ता कोण मोडतं ते बघा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून टेस्ट घेतली, त्यातून निघालं की एक्सलवरचं (म्हणजे चाकांच्या आसावरचं) वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट नाही, साधारण १६ पट होतं. म्हणजे तुमच्या घरची मोटरसायकल जवळपास काहीच करत नाही आणि ओव्हरलोड डंपर एका सीझनमध्ये रस्त्याची वाट लावतो, मग घरटी सारखीच वर्गणी कशाच्या हिशोबाने?

पैसा इंधनावरच्या आणि अवजड गाड्यांवरच्या करातून यायला हवा. अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याने १९१९ मध्ये पेट्रोलवर गॅलनला १ सेंट कर लावला तो रस्त्यांसाठीच. (आता इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, म्हणून त्याच राज्याने २०१५ पासून गाडी जेवढी चालेल तेवढे पैसे घ्यायची ऐच्छिक योजना काढली.) पण खरी गोम वाटपात आहे, नुसती वर्दळ मोजून पैसे वाटले तर गावाच्या वाट्याला काहीच येत नाही, कारण गावाकडे रस्ता लांबलचक आणि गाड्या कमी, आणि पाऊस तर गाड्या मोजून पडत नाही ना! म्हणून किलोमीटर आणि पूल पण मोजले पाहिजेत.

पुलाचं तर वेगळंच, तिथे बऱ्याचदा पाणी पायाखालची माती नेतं आणि वरून काही दिसत नाही. मोऱ्या तुंबल्या की पाणी भरावावर चढतं. त्यामुळे गावाला काही करायचंच असेल तर वर्गणी राहू द्या, पावसाआधी गटारं आणि मोऱ्या मोकळ्या करा, आणि पुढच्या वेळी नवीन रस्ता मंजूर होईल तेव्हा त्याच कागदावर दरवर्षीच्या देखभालीची रक्कम लिहून मागा.