'सवलत' की 'वाजवी सोय'?

प्रश्न असा आहे: मुंबईच्या किल्ला कोर्टात साक्ष आहे. साक्षीदार जन्मापासून कर्णबधिर, बोलता येत नाही. अर्ज मराठीत करायचाय. 'रिझनेबल अकोमोडेशन'ला, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार करायच्या बदलाला, मसुद्यात 'सवलत' लिहिलंय. चालेल का?

अर्ज त्यामुळे अडणार नाही, पण 'सवलत' लिहू नये. हा शब्द अरबी 'सहूलत'वरून आला, म्हणजे मुळात सोपेपणा. मराठीत मात्र तो तिकीटखिडकीवर जाऊन बसला: ज्येष्ठांना सवलत, करसवलत, हप्त्यात सवलत. देणाऱ्याची मर्जी त्यात गृहीत असते. इथे मर्जीचा प्रश्नच नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ प्रमाणे बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचं म्हणणं नोंदवताना न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची (दिव्यांगांना शिकवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकाची) मदत घ्यायची असते आणि त्याचं चित्रीकरणही करायचं असतं. भर कोर्टात लिहून किंवा खुणांनी दिलेली ती साक्ष तोंडी पुरावाच समजली जाते. जे करणं बंधनकारक आहे, त्याला आपणच सवलत का म्हणा?

'समायोजन' शब्दकोशात शोभेल, पण आपल्याकडे समायोजन होतं ते अतिरिक्त शिक्षकांचं. यंत्राने भाषांतर केलं तर 'निवासव्यवस्था'ही येते; शिरस्तेदाराला वाटायचं साक्षीदाराला मुक्कामाला खोली हवीय.

माझं मत 'वाजवी सोय'. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातली व्याख्या पाहा: इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून आवश्यक ते फेरफार, पण देणाऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता. वाजवी-अवाजवी ही जोडी मराठीत तयारच आहे. 'रास्त'ही वाईट नाही, पण त्याला असा विरुद्धार्थी जोडीदार रुळलेला नाही, शिवाय रेशनचं दुकान आठवतं. फक्त 'सोयीस्कर' टाळा. त्या शब्दाला स्वार्थाचा वास येतो.

'सुगम्यता' वेगळी. ती सगळ्यांसाठी आणि आधीच करून ठेवायची असते: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, ब्रेलमधल्या पाट्या. वाजवी सोय एका माणसापुरती, त्याच्या गरजेनुसार. म्हणूनच अर्जात गरज नेमकी लिहावी लागते. 'योग्य ती सोय व्हावी' एवढंच लिहिलं की तारखेला कोर्टात कुणीतरी नात्यातला माणूस दुभाषी म्हणून उभा केला जातो आणि उलटतपासणीत पहिला आक्षेप त्याच्यावरच येतो.

विषय: 'साक्ष नोंदवताना वाजवी सोय मिळणेबाबत'. खाली खटला क्रमांक, पुढची तारीख, २०१६ च्या कायद्याचं कलम १२ आणि वरचं कलम १२५. मग मागणी: भारतीय सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी, साक्षीदाराच्या समोर, तोंडावर उजेड पडेल असा. उलटतपासणी लांबणार असेल तर दोन दुभाषी मागा, कारण अर्ध्या तासात हात आणि लक्ष दोन्ही थकतात. साक्षीदार शाळेत गेलेला नसेल आणि घरगुती खुणाच करत असेल, तर तेही स्पष्ट लिहा. सांकेतिक भाषेचा दुभाषी त्या खुणा ओळखेलच असं नाही, तिथे विशेष शिक्षक लागतो. 'मुका साक्षीदार' हा जुना शब्दप्रयोग २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेला, अर्जातूनही जाऊ द्या.

जाता जाता: अर्ज युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधलं मराठी पडद्यावर नीट दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात; अंध वकिलाचं स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तेच बरळतं. छापून, सही करून स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी नुसतं चित्र.