कोचला काढलं, आता राजीनाम्याचा कागद माझ्यापुढे

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचा व्हिडिओ अॅनालिस्ट म्हणून तीन वर्षं नोकरी करतोय, एच-वन-बी व्हिसावर. खेळाडू मिळवण्यासाठी त्यांच्या घरच्यांना पैसे पोचवल्याच्या आरोपावरून गेल्या महिन्यात आमच्या हेड कोचला काढलं. गेल्या हंगामात असिस्टंट कोचच्या सांगण्यावरून मी एका शाळकरी खेळाडूच्या मामासाठी माझ्या कार्डावर दोन रात्रींचं हॉटेल बुक केलं होतं. ते ४१२ डॉलर त्याने मला रोख परत केले. आता मला बिनपगारी रजेवर पाठवलंय, विद्यापीठाच्या वकिलांनी चौकशीला बोलावलंय आणि एचआरने तयार राजीनामा पाठवून शुक्रवारपर्यंत सही मागितलीय. करार अजून १४ महिन्यांचा आहे. बायको सात महिन्यांची गरोदर आहे. असिस्टंट कोच रोज रात्री फोन करून जुने मेसेज पुसून टाक म्हणतो. काय करू?

उत्तर : शुक्रवारी सही करू नका आणि एकही मेसेज पुसू नका. या दोन गोष्टी आधी, बाकीचं त्यानंतर.

मेसेजचं आधी बोलते, कारण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होऊ शकतं. हॉटेलचं बुकिंग हा आज बहुधा एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या संघटनेच्या, नियमांचा भंग ठरेल. पण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तपासात अडथळा आणण्यासाठी पुरावा नष्ट केला, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफबीआयच्या माणसाशी खोटं बोललात तर ५ वर्षांपर्यंत. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, त्यामुळे फसवणुकीच्या स्वरूपाचा कुठलाही गुन्हा शाबित झाला तर तुरुंगापाठोपाठ देशाबाहेर काढण्याची कारवाईही येऊ शकते. त्या असिस्टंट कोचचा फोन आता उचलूच नका. "आपण दोघं एकच सांगू" असं बोलणं झालं, तर ते पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जाईल.

चौकशीला बोलावणारे वकील सौजन्याने बोलतील, कॉफी विचारतील. पण ते विद्यापीठाचे वकील आहेत, तुमचे नाहीत. १९८१च्या अपजॉन खटल्यापासून अशा मुलाखतीच्या सुरुवातीला तसं स्पष्ट सांगायची पद्धत आहे. तुम्ही काय सांगितलंत ते गुप्त ठेवायचं की सरकारी वकिलांच्या हाती द्यायचं, हे विद्यापीठ ठरवतं. देण्यामागे त्याचा स्वार्थही असतो. २०१७च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांनी ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, अॅरिझोना आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) या चार विद्यापीठांचे असिस्टंट कोच आणि आदिदासचा एक अधिकारी यांच्यासह दहा जणांवर आरोप ठेवले. पुढे आदिदासच्या जेम्स गॅटोवर आणि आणखी दोघांवर जो खटला चालला, त्यात विद्यापीठांचीच फसवणूक झाली अशी मांडणी होती: पैसे घेतलेला खेळाडू तेव्हाच्या नियमांनुसार अपात्र ठरायचा, ते लपवून त्याला स्कॉलरशिप मिळवून दिली. २०१८मध्ये तिघेही दोषी ठरले, २०२१मध्ये अपील कोर्टाने ते कायम केलं. तेव्हा तुमचं विद्यापीठही स्वतःला फसवलं गेलेलंच म्हणेल आणि मग कुणाचं तरी नाव पुढे करावं लागेल. स्वतःच्या कार्डावर हॉटेल बुक करणारा माणूस त्यासाठी फार सोयीचा आहे.

म्हणून स्वतःचा वकील घेतल्याशिवाय त्या खोलीत जाऊ नका. मात्र 'येत नाही' असंही कळवू नका, सहकार्य नाकारणं हेच काढून टाकायचं कारण होऊ शकतं. लेखी विचारा की ही मुलाखत सक्तीची आहे का आणि उत्तर दिलं नाही तर नोकरी जाईल का. १९६७च्या गॅरिटी निकालानुसार सरकारी नोकराकडून नोकरीच्या धाकाने काढलेली उत्तरं फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाहीत. स्वेच्छेने दिलेल्या उत्तरांना ते संरक्षण नाही. खोट्या उत्तरांना तर कुठेच नाही.

आता राजीनामा. तुमच्या मनात घोळत असलेलं उदाहरण मी ओळखू शकते: लुइव्हिल विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच रिक पिटिनो. एका खेळाडूच्या कुटुंबाला एक लाख डॉलर द्यायचं ठरल्याचं उघड झाल्यावर त्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं आणि १६ ऑक्टोबर २०१७ला 'सबळ कारणास्तव' काढलं. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, हे ते पहिल्यापासून सांगत होते. कराराचे उरलेले सुमारे ३.८७ कोटी डॉलर मागत त्यांनी दावा लावला. २०१९मध्ये तो मिटला तेव्हा त्यांना एक डॉलरही मिळाला नाही. मिळालं ते एवढंच, की नोंदीत 'बडतर्फ'च्या जागी 'राजीनामा' लिहिलं गेलं. २०२२मध्ये एनसीएएच्या स्वतंत्र समितीने त्यांना काहीच शिक्षा केली नाही, तोवर पाच वर्षं उलटली होती. इतका नावाजलेला, पैसेवाला कोच शेवटी एका शब्दावर तडजोड करतो, यावरून त्या शब्दाचं मोल ओळखा. तुमच्यासाठी तर तो बाळंतपणाचा खर्च आहे. नोकरी सुटल्यावर कोब्रा कायद्याखाली तोच आरोग्य विमा साधारण १८ महिने स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो, मात्र 'गंभीर गैरवर्तना'साठी काढलं असेल तर तो हक्क जातो.

नेमणूकपत्र काढा आणि मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. पिटिनोंचा करार विद्यापीठाच्या अॅथलेटिक असोसिएशनशी होता आणि दावाही त्यांनी तिच्यावरच लावला होता. तुमच्या पत्रावर सरकारी विद्यापीठ असेल आणि 'सबळ कारणाशिवाय काढणार नाही' असं कलम असेल, तर ती नोकरी राज्यघटनेच्या दृष्टीने तुमची मालमत्ता ठरते. १९८५च्या लाउडरमिल खटल्यातला माणूस एका शाळा मंडळाचा सुरक्षारक्षक होता. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, काढण्याआधी आरोप सांगा, पुरावा समजावा, त्याचं म्हणणं ऐकून घ्या. तुम्ही राजीनामा दिलात की हा सगळा हक्क स्वतःच्या हाताने सोडलात. करारात 'ऍट विल', म्हणजे मालक कधीही कारण न देता काढू शकतो, असं लिहिलं असेल तर मात्र तुमची बाजू बरीच लंगडी होते, हे आधीच सांगून ठेवते.

बिनपगारी रजेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण तिथे तुमच्या हातात चांगलं हत्यार आहे. अमेरिकन नागरिकाला तसं बसवता येतं. एच-वन-बीवरच्या माणसाला मालकाने स्वतःच्या निर्णयाने कामाविना ठेवलं, तर मंजूर पगार द्यावाच लागतो. तो थकलेला पगार लेखी मागा. पगाराचा शेवटचा दिवस महत्त्वाचा आहे, कारण नोकरी सुटल्यावर अमेरिकेत राहायला मिळणारे ६० दिवस सहसा त्याच दिवसापासून मोजतात (आय-९४ या नोंदीवरची मुक्कामाची मुदत त्याआधी संपत नसेल तर). तेवढ्यात दुसऱ्या मालकाने अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर तुम्ही स्टेटस (व्हिसाचा प्रकार) बदलायचा अर्ज तरी. तुमचा व्हिसा विद्यापीठाचा, म्हणजे एच-वन-बीच्या मर्यादित जागांसाठीच्या लॉटरीशिवाय मिळालेला. दुसरं विद्यापीठ चालेल, खासगी कंपनीत जायचं तर लॉटरी आडवी येते. शोध आजच सुरू करा. मुदतीआधी मालकाने काढलं तर भारतात परतायच्या तिकिटाचा वाजवी खर्चही त्याने द्यायचा असतो. आपणहून राजीनामा दिला तर नाही.

तेव्हा एचआरला आज चार ओळी लिहा: वकिलाचा सल्ला घेतोय, चौदा दिवस द्या, कुठलाही हक्क सोडत नाही. मग तुमच्या वकिलाने तडजोड मांडावी. पगार निदान बाळंतपणापर्यंत चालू, नोंदीत गैरवर्तनाचा उल्लेख नाही, विमा अबाधित, आणि त्या बदल्यात राजीनामा. मला वाटतं विद्यापीठ यावर बोलेल, कारण चौकशीत त्याला तुमची गरज आहे.

वकील नोकरीच्या कायद्यातला हवा आणि फौजदारी जाणणाऱ्याचंही मत घ्या. इमिग्रेशनचा वेगळा लागेल. विद्यापीठाने सुचवलेला घेऊ नका. पहिल्या भेटीला नेमणूकपत्र, आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजूर झाल्याचं पत्र), त्या महिन्याचं कार्डाचं स्टेटमेंट आणि तो फोन जसा आहे तसा न्या. हॉटेलची गोष्ट त्याला सगळ्यात आधी, काही न लपवता सांगा. त्या रात्री मामाबरोबर आणखी कोण होतं, तेही.