कृषी सल्ला: पावडरीच्या आधी गव्हाणीत काय पडतंय ते बघा

निपाणी भागातून एका पशुपालकाने विचारलंय : 'एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय विऊन दीड महिना झाला. दूध 12 लिटर आहे, पण डेअरीत फॅट 3 च्या वर जात नाही. दुकानदार बायपास फॅट (पहिल्या पोटात न फुटता पुढे जाऊन पचणारी चरबी), यीस्ट, कॅल्शियमची बाटली आणि लिव्हर टॉनिक असं सगळंच घ्या म्हणतो. वैरण म्हणजे उसाचं वाडं (हिरवे शेंडे), बारीक कुट्टी करून. गोळी पेंड दोन वेळची मिळून 9 किलो. यातलं काय घेऊ?'

सध्या तरी यातलं काहीच घेऊ नका. गायीला शरीर पोसायला साधारण 2 किलो आणि दुधाच्या दर लिटरला 400 ग्रॅम खुराक, म्हणजे पेंड लागते. 12 लिटरला हा हिशेब 7 किलोच्या आतच बसतो. तुम्ही 9 किलो घालता, तेही दोनच वेळा. वर कुट्टी बारीक, त्यामुळे रवंथ कमी, म्हणून लाळही कमी. लाळेतच नैसर्गिक सोडा असतो. तो कमी पडला की पोटात आम्लता वाढते आणि पहिला फटका फॅटला बसतो. शेण पातळ पडतंय का, त्यात मक्याचे कण दिसतात का, ते पाहा. दुपारी निवांत बसलेली गाय रवंथ करत नसेल तर रोग इथेच आहे.

पेंड 7 किलोवर आणून तीन-चार वेळा विभागून द्या. कुट्टी इंचभर ठेवा आणि रोज 3-4 किलो शाळूचा कडबा सुरू करा. कडबा महाग आहे हे ठाऊक आहे, पण चार डब्यांच्या बिलापेक्षा स्वस्त पडेल. बदल हळूहळू, दहा-बारा दिवसांत करा. तेवढ्या काळापुरता खाण्याचा सोडा रोज 100 ग्रॅम पेंडीत मिसळून चालेल. यीस्टचा उपयोग होतो, पण खुराकाची घडी बसल्यावर. बायपास फॅट विलेल्या, जास्त दुधाच्या आणि अंगाने उतरत चाललेल्या गायीला 100 ते 200 ग्रॅम द्यावं. तुमची गाय वाळत नसेल तर ते पैसे वाचवा. लिव्हर टॉनिक तर कारण सापडल्याशिवाय नकोच.

खर्च करायचाच असेल तर खनिज मिश्रणावर करा. आपल्याकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की गोठ्यागोठ्यात वाडंच वाडं होतं. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते गायीच्या अंगी न लागता शेणावाटे जातं. म्हणून वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा (चुन्याचा गाळ नव्हे, वरचं स्वच्छ पाणी) आणि खनिज मिश्रण रोज 100 ग्रॅम द्या. पिशवीवर आयएस 1664 (खनिज मिश्रणाचं भारतीय मानक) आहे का, त्यात मीठ मिसळलेलं आहे का, हे वाचून घ्या. मीठ नसेल तर वेगळं 30 ग्रॅम घाला. आणि नुसत्या वाड्यावर ठेवू नका. बांधावर थोडं हत्तीघास, जमल्यास लसूणघास लावा.

चिकोडीहून एका ताईंचा प्रश्न : 'गाय नवव्या महिन्यात आहे. मागच्या वेळी विताच बसली होती (उठता येत नव्हतं). यावेळी आधीपासून कॅल्शियमची बाटली पाजू का?'

नाही, ताई. हा आपल्या भागातला फार जुना समज आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते ओढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. वेताच्या दिवशी चीक उतरला की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं, आणि गाय बसते. त्यामुळे या दिवसांत बाटली नको, कॅल्शियम जास्त असलेला लसूणघासही कमी करा. खनिज मिश्रण कोणतं आणि किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. कॅल्शियम द्यायचं ते विल्यावर, तेही गाय उभी असेल आणि नीट गिळत असेल तरच. गाय मान पोटाकडे वळवून बसली, कान गार लागले, तर तोंडातून काहीही ओतू नका. ते फुप्फुसात जातं. 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन करा. सलाइनमधून कॅल्शियम गेलं की बहुतेक गायी काही वेळात उठतात.

खानापूरकडून विचारणा आहे, भाताचं पिंजार (वाळलेला पेंढा) युरिया वापरून सकस कसं करायचं. 100 किलो पिंजाराला 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि प्लॅस्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवा. युरिया अंदाजाने वाढवू नका, आणि ते पाणी जनावराच्या तोंडाशी येईल असं ठेवू नका, विषबाधा होते. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे पिंजार चालत नाही. काढल्यावर तासभर पसरून उग्र वास जाऊ द्या, पहिला आठवडा थोडं थोडंच घाला.