घरचा पहिला संगणक जोडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलांचा अभ्यास, कार्यालयाचे थोडे काम, चित्रपट पाहणे आणि घरचे फोटो सांभाळणे एवढ्यासाठी संगणक स्वतः जोडायचा आहे. प्रोसेसर किती ताकदीचा घ्यावा? स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागेल का?

उत्तर : आपण सांगितलेल्या कामांपैकी एकालाही स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले ग्राफिक्स (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) एवढे काम सहज पेलते आणि पुढे मुलांना मोठे गेम खेळावेसे वाटले, तर मदरबोर्डावरील (सर्व भाग जिच्यावर जोडतात त्या मुख्य पाटीवरील) मोकळ्या स्लॉटमध्ये कार्ड तेव्हाही बसवता येते. मात्र प्रत्येक प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतेच असे नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ते नसते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ते ‘जी’ अक्षर असलेल्या प्रोसेसरांतच मिळते, तर ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांत असते. थोडासा स्वस्त म्हणून ‘एफ’चा प्रोसेसर घेतला आणि कार्ड घेतले नाही, तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. ताकदीचे म्हणाल, तर सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा गाभा) अलीकडचा प्रोसेसर घरगुती कामांना बरीच वर्षे पुरतो. त्याहून वरचा प्रोसेसर घेण्याऐवजी तेच पैसे रॅम (चालू कामाची स्मृती), एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान साठवण) आणि डोळ्यांना सुखावणारा मॉनिटर यांवर खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण घरातल्या प्रत्येकाला रोज जाणवणारा फरक तिथे पडतो.

प्रश्न : एका नातेवाइकांकडे डीडीआर४ ची रॅम शिल्लक आहे. ती डोळ्यांसमोर ठेवून बाकीचे भाग निवडावेत का?

उत्तर : रॅमवरून संगणक ठरवू नये. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची जोडी आधी ठरवावी आणि रॅम त्या जोडीला साजेशी घ्यावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. एएमडीच्या २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची बोर्डावरील जागा) फक्त डीडीआर५ चालते. त्याआधीचे एएम४ सॉकेट डीडीआर४ चे आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटसाठी मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले, म्हणून तिथे बोर्डाच्या नावातील प्रत्येक अक्षर वाचूनच खरेदी करावी. फुकट मिळालेल्या रॅमसाठी वाढीची वाट बंद झालेले सॉकेट निवडण्यात बचत किती आणि अडवणूक किती, याचा विचार आपण करावा.

सॉकेट जुळले तरी एक अडचण उरते. बोर्ड आधी तयार झाला असेल आणि प्रोसेसर नंतर बाजारात आला असेल, तर बोर्डावरील जुने बायोस (संगणक सुरू करणारे बोर्डातील सॉफ्टवेअर) त्या प्रोसेसरला ओळखत नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डासाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि त्यात बायोसची किमान आवृत्तीही दिलेली असते. पहिल्यांदा जोडणाऱ्याने ही यादी पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

घरासाठी १६ जीबी रॅम योग्य, आणि तीही ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्यांत. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला स्मृतीकडे जाणारे दोन मार्ग मिळतात, आणि अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने त्याला याचा विशेष लाभ होतो. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे चित्र असते.

प्रश्न : जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय चालू स्थितीत आहे. तोच वापरला तर चालेल का?

उत्तर : माझा सल्ला नवा घेण्याचा आहे. पॉवर सप्लायच्या आतील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) वापराने आणि उष्णतेने क्षीण होत जातात, आणि त्यातील बिघाड इतर भागांनाही इजा करू शकतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकाला ४५० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय भरपूर होतो. खोक्यावरील ‘८० प्लस’ ही खूण विजेच्या बचतीविषयी सांगते; अतिभार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास पुरवठा तोडण्याची सोय आहे का, हे वेगळे तपासावे लागते. आणखी एक : सुट्या होणाऱ्या केबल एका कंपनीच्या पॉवर सप्लायमधून काढून दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायला कधीही जोडू नयेत. टोक तंतोतंत बसते, पण आतील तारांची मांडणी निराळी असू शकते आणि डिस्क क्षणात जळते.

प्रश्न : ५०० जीबीची एसएसडी घ्यावी की २ टीबीची हार्ड डिस्क?

उत्तर : विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम एसएसडीवरच असावेत. साटा आणि एनव्हीएमई हे एसएसडी जोडण्याचे दोन प्रकार आहेत. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत आणि एनव्हीएमईचा कित्येक हजार एमबीपर्यंत जात असला, तरी घरगुती वापरात या दोहोंतील फरक फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याचा फरक मात्र पहिल्याच मिनिटाला जाणवतो. एम.२ आकाराची (थेट बोर्डावर बसणारी, पट्टीसारखी) एसएसडी घेताना बोर्डाचा स्लॉट साटा चालवतो की एनव्हीएमई, हे पाहून घ्यावे. फोटोंसाठी हार्ड डिस्क पुढे जोडता येईल, पण त्यांची एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर अवश्य ठेवावी.

प्रश्न : सर्व जोडून झाले, पंखे फिरतात, पण मॉनिटर काळाच आहे. कोणता भाग बदलावा?

उत्तर : इतक्यात कोणताही बदलू नका. डीडीआर५ असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करतो आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात, तेवढा वेळ त्याला द्यावा. त्यानंतरही काही दिसले नाही, तर वीज बंद करून बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातील प्रोसेसरची स्वतंत्र वीजकेबल जोडली आहे का ते पाहावे. ती बरेचदा राहून जाते. मग रॅम काढून स्लॉटच्या कडेच्या खिट्टीचा ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवावी आणि एका वेळी एकच पट्टी लावून संगणक सुरू करून पाहावा.