‘रस’ म्हणजे सहा की नऊ?

प्रश्न असा आला आहे : गणिती भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष ‘रसगुणपूर्णमही’ या शब्दांत सांगितलं आहे आणि त्याचा अर्थ शके १०३६ असा देतात. पण रस तर नऊ, मग इथे सहा कुठून आले?

रस नऊ असतात ते काव्यात. भरताच्या नाट्यशास्त्रात आठच आहेत, शांतरस नववा म्हणून पुढे रूढ झाला. ज्योतिष-गणितवाल्यांनी मात्र आयुर्वेदातले, म्हणजे जिभेचे रस घेतले : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आपण ‘षड्रस अन्न’ म्हणतो तेच हे.

अंकांसाठी असे शब्द योजण्याच्या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात. चंद्र, मही १, डोळे २, गुण, अग्नी ३, वेद ४, बाण ५, शैल ७, नंद ९, आकाश किंवा पूर्ण म्हणजे शून्य. आकडे एकं स्थानापासून सुरू करून उजवीकडून डावीकडे मांडायचे. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १, झाले १०३६. इसवी सनात १११४. त्याच श्लोकात पुढे ‘रसगुण’ वर्षांचा असताना सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला असंही ते सांगतात, म्हणजे ३६व्या वर्षी, इ. स. ११५०.

हा खटाटोप कशाला? ग्रंथ पद्यात आणि पाठ करायचे. एकाच अंकाला शशी, इंदू, भू, मही असे पर्याय असले की वृत्तात बसेल तो उचलता येतो. शिवाय पोथी उतरवून काढणाऱ्याच्या हातून आकडा सहज बदलतो. शब्द बदलला तर बहुधा वृत्तच अडखळतं आणि चूक पकडता येते.

माझं आवडतं उदाहरण भास्कराचार्यांच्याच लीलावती या गणितग्रंथातलं. वर्तुळाचा परिघ हवा तर व्यासाला ‘भनन्दाग्नि’ने गुणा आणि ‘खबाणसूर्य’ने भागा. भ म्हणजे नक्षत्रं, २७. नंद ९, अग्नी ३ : ३९२७. ख म्हणजे आकाश, ०. बाण ५, सूर्य १२ : १२५०. भागाकार करून पाहा, ३.१४१६ येतात. नक्षत्रं, नंद राजे, मदनाचे बाण असं सगळं पुराण गोळा करून मिळवलेला पाय (π)! कविता आणि गणित वेगळ्या कपाटांत ठेवायची आपली सवय तशी अलीकडची.

‘रस’ शब्दाची गंमत एवढ्यावर थांबत नाही. रसशास्त्रात, म्हणजे पारा-धातूंपासून औषधं करण्याच्या विद्येत, रस म्हणजे पारा. त्यामुळे ‘रसिक’ आणि ‘रसायन’ एकाच घरचे, शाखा तेवढ्या निराळ्या.

आणि मराठीत? ज्ञानेश्वरीच्या शेवटी असलं कोडं नाही. तिथे सरळ म्हटलंय : ‘शके बाराशतें बारोत्तरें’. म्हणजे १२१२. ओवीला तेवढी मोकळीक होतीच.