अंतराळात वारा नाही, मग दुर्बिणीचा आरसा थरथरतो कशाने?

तुमचा प्रश्न असा की वर वारा नाही, रस्ता नाही, मग आरशाला हलवतं कोण आणि ते थांबवतात कसं. दुर्बीणच हलवते ओ, स्वतःला. मी बेळगावात उद्यमबागेत ग्राइंडिंगचं काम करतो, आमच्या शेडला लागून एक पॉवर प्रेस होता, तो चालू असला की आमच्या शाफ्टवर बारीक लाटा उठायच्या, बोटाला लागायच्या नाहीत पण ट्यूबलाइटखाली तिरका धरला की स्पष्ट दिसायच्या. मशीन चांगलं होतं, धक्का जमिनीतून यायचा. दुर्बिणीत जमीन म्हणजे तिचा सांगाडा आणि प्रेस म्हणजे रिअ‍ॅक्शन व्हील.

वर वळायला कशाचा आधार नाही, म्हणून आत जड चाकं फिरवतात, चाक एकीकडे आणि दुर्बीण उलटीकडे. हबल या अंतराळातल्या दुर्बिणीत अशी चार, जेम्स वेब या दुसऱ्या दुर्बिणीत सहा. चाक कितीही बॅलन्स करा, किंचित वजन एका बाजूला राहतंच, आणि स्पीड दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. त्यात सांगाड्याचा स्वतःचा एक कंप असतो, चाकाचा स्पीड त्याच्याशी जुळला तर थरथर वाढतच जाते, म्हणून ते स्पीड टाळावे लागतात.

आणि थरथर चालते किती बघा, हबलला 0.007 आर्कसेकंद (एका अंशाचे 3600 भाग केले की त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद). म्हणजे बेळगावातून लेझर मारला तर मुंबईतल्या रुपयाच्या नाण्यावरून तो ढळता कामा नये!

वेबमध्ये प्रकाशाच्या वाटेत मोठ्या आरशानंतर एक छोटा हलता आरसा आहे, गाइड कॅमेरा सेकंदाला 16 वेळा तारा बघतो आणि हा आरसा तेवढा कोन सरळ करत राहतो. लोकांना वाटतं झालं काम. पण त्याला फक्त सावकाश डुलणं सांभाळता येतं, चाकाची भुरभुर त्याच्या हाताबाहेरची. ती वाटेतच अडवावी लागते, म्हणून चाकांखाली आयसोलेटर, म्हणजे थरथर गिळणारे आधार आहेत, आणि चाकं ठेवलेला यानाचा खालचा भाग आणि वरची दुर्बीण यांच्यामध्ये आणखी एक मऊ जोड. हे सगळं उन्हाच्या, गरम बाजूला ठेवलंय, कारण आरशाकडे उणे 220 अंशांच्याही खाली थंडी, तिथं आपल्या मशीनखालच्या रबर पॅडसारखं काही घातलं तर काचेसारखं कडक होईल. थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरचे पिस्टनसुद्धा दोन, समोरासमोर, एकाचा धक्का दुसऱ्यानं खायचा. ही रचना मला फार आवडते.

चाकंच एकटी दोषी असतात असंही नाही हं. ऊन उतरलं की आमचा पत्रा टणटण वाजतो ना, तसंच हबलचं झालं होतं. 1990 ला सोडल्यावर साधारण दीड तासाच्या प्रत्येक फेरीत ऊन-सावली बदलली की सोलर पॅनल वाकायचे आणि अख्खी दुर्बीण थरथरायची. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन ते पॅनलच बदलले.